थिऑर्बो : गायकाच्या साथीसाठी घडलेले वाद्य

सतराव्या शतकातील युरोपीय संगीत सादर करणाऱ्या वाद्यवृंदाचे एखादे छायाचित्र पाहिले, तर व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्ड यांच्या गर्दीतून एक लांबलचक मान वादकाच्या डोक्याच्याही वर गेलेली दिसते. तिच्या टोकाशी खुंट्यांची एक पेटी असते आणि मानेच्या मध्यावर दुसरी. हे वाद्य म्हणजे थिऑर्बो. इटालियन भाषेत त्याला ‘तिओर्बा’ किंवा ‘कितारोने’ म्हणतात. ल्यूट या नासपतीच्या आकाराच्या तंतुवाद्याच्या कुळातील हे सर्वांत मोठे वाद्य असून त्याची लांबी दोन मीटरच्या आसपास जाऊ शकते. वजनाने मात्र ते अगदीच हलके असते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समध्ये थिऑर्बोचा जन्म झाला. पुढील दीडशे वर्षांत इटली, फ्रान्स, इंग्लंड आणि जर्मन दरबारांमध्ये त्याला मानाचे स्थान मिळाले आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते जवळजवळ नाहीसे झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे पुनरागमन झाले. आज बरोक काळातील ऑपेरा त्या काळच्या पद्धतीने सादर करायचा, तर थिऑर्बोवादकावाचून सहसा चालत नाही. मात्र या पुनरागमनाला एक पेच चिकटलेला आहे. हे वाद्य प्रामुख्याने साथीसाठी घडवले गेले आणि साथीचे स्वर पूर्णपणे लिहून ठेवण्याची त्या काळी प्रथा नव्हती. वादक गेले तशी त्यांची विद्याही गेली. आज आपण जे ऐकतो ते गुरूकडून शिष्याकडे आलेले वादन नाही. ते जुने ग्रंथ, चित्रे आणि संग्रहालयांतील जीर्ण वाद्ये यांच्या आधारे पुन्हा उभे केलेले वादन आहे. ते मूळच्या किती जवळ आहे, याविषयी जाणकारांत अजूनही एकमत नाही.

दोन पेट्या, चौदा तारा

थिऑर्बोचे पोट लाकडाच्या पातळ, वाकवलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून तयार करतात. इटालियन कारागीर त्यासाठी यू वृक्षाचे लाकूड पसंत करीत. श्रीमंत यजमानासाठी घडवलेल्या वाद्यात हस्तिदंत आणि आबनूसही वापरले जाई. पुढची तबली स्प्रूसच्या लाकडाची आणि इतकी पातळ असते, की तिची जाडी मिलिमीटरमध्येच मोजावी लागते. तबलीच्या मध्यभागी लाकडातच कोरलेली जाळीदार नक्षी असते. मोठ्या इटालियन वाद्यांत एकीऐवजी तीन जाळ्यांचा गुच्छ आढळतो. मानेवरचे पडदे धातूचे नसून तातीचे, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून वळलेल्या तारेचे, असतात. ते मानेभोवती गाठ मारून बांधतात, त्यामुळे सतारीच्या पडद्यांप्रमाणे पुढेमागे सरकवता येतात.

मूळच्या तारादेखील तातीच्याच. सर्वसाधारण इटालियन थिऑर्बोवर चौदा तारा असतात. त्यांपैकी सहा किंवा सात पडद्यांवरून जातात आणि डाव्या हाताच्या बोटांनी दाबून वाजवल्या जातात. उरलेल्या सात-आठ तारा पडद्यांच्या बाहेरून थेट दुसऱ्या, लांबच्या पेटीपर्यंत जातात. त्यांना बोट लावायचे नसते. त्या मोकळ्याच छेडायच्या आणि प्रत्येक तारेने एकच मंद्र स्वर द्यायचा, अशी योजना असते. रचना ज्या स्वरपट्टीत असेल त्यानुसार या तारा वादनापूर्वी नव्याने जुळवाव्या लागतात. राग बदलला की सतारीच्या तरफा पुन्हा मिळवाव्या लागतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही खटपट चटकन ध्यानात येईल. योहान माथेसोन या जर्मन लेखकाने १७१३ मध्ये ल्यूटवादकांची टर उडवताना म्हटले होते, की ऐंशी वर्षे जगलेल्या ल्यूटवादकाची साठ वर्षे तारा जुळवण्यातच गेलेली असतात. बोचरा असला तरी हा विनोद अगदीच निराधार नव्हता.

मान एवढी लांब का, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. तातीची तार खोल स्वरात वाजवायची तर ती जाड तरी हवी किंवा लांब तरी. जाड तात बोजड होते आणि तिचा नाद बसका येतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तातीवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती रूढ होऊ लागली. त्यापूर्वी लांबी वाढवणे हाच मार्ग होता. थिऑर्बोच्या मोकळ्या तारांची लांबी दीड मीटरहून अधिक असू शकते. अशी तार छेडली, की तिचा नाद स्वच्छ उमटतो आणि बराच वेळ रेंगाळतो.

तिसरी तार सर्वांत उंच

थिऑर्बोची खरी खुबी तारांच्या जुळणीत आहे आणि ती एका अडचणीतून जन्माला आली. खर्जासाठी मोठे केलेले ल्यूट गायकाला सोयीच्या पट्टीपर्यंत चढवायचे ठरले, तेव्हा सर्वांत उंच स्वराच्या दोन तारांना तो ताण सोसेना. इतक्या लांबीवर तात त्या स्वरापर्यंत पोहोचण्याआधीच तुटत असे. वादकांनी यावर सरळ उपाय काढला : त्या दोन तारा एक सप्तक खाली उतरवल्या. इंग्रज संगीतकार टॉमस मेस याने १६७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वाद्याचा मोठा आकार हेच याचे कारण दिले आहे.

यामुळे झाले असे, की या वाद्यात सर्वांत उंच स्वर पहिल्या तारेचा नसून तिसऱ्या तारेचा असतो. गिटारवादकाच्या हाती थिऑर्बो दिला तर प्रारंभी तो गोंधळून जातो. पण याच उलट्या जुळणीने वाद्याला आगळा आवाज दिला. कॉर्डमधील स्वर एकमेकांना अगदी लगटून, पुरुषी आवाजाच्या मध्यम पट्टीत उमटतात. गायकाच्या स्वराच्या वर ते सहसा जात नाहीत. खालून मंद्र तारांचा भक्कम आधार असतो. वर गायकासाठी जागा मोकळी राहते. शिवाय लागोपाठचे स्वर वेगवेगळ्या तारांवर वाजवता येत असल्याने एक स्वर विरण्याआधी दुसरा उमटतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. घंटा वाजाव्यात तसा हा परिणाम एकलवादनाच्या रचनांत फार सुरेख ऐकू येतो.

ऑपेराच्या जन्माचा साक्षीदार

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लॉरेन्समध्ये काउंट जोव्हान्नी दे’ बार्दी यांच्या घरी विद्वान, कवी आणि संगीतकार यांची मंडळी जमत असे. शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गालिलेई हे त्यांतले एक. ते स्वतः ल्यूटवादक होते. प्राचीन ग्रीक नाटकांत संवाद गाऊन सादर होत असले पाहिजेत, असे या मंडळींचे मत होते. त्या काळच्या बहुस्वरी गायनात चार-पाच आवाज एकमेकांत गुंतलेले असत आणि त्या गुंत्यात शब्दांचा अर्थ हरवून जाई. हे या मंडळींना मान्य नव्हते. शब्द ठळक ऐकू यावा, एकाच माणसाने तो गावा आणि वाद्याने त्याला केवळ आधार द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. ‘कितारोने’ या नावाचा अर्थ मोठी ‘कितारा’ असा होतो. हे नाव थेट ग्रीकांच्या किथारा या वाद्याची आठवण करून देणारे आहे.

१५८९ मध्ये फर्दिनांदो दे’ मेदिची आणि लोरेनची राजकन्या क्रिस्तीना यांच्या विवाहानिमित्त फ्लॉरेन्समध्ये भव्य संगीत-नाट्यप्रवेश सादर झाले. त्यांत व्हित्तोरिया आर्किलेई ही गायिका स्वतः मोठे ल्यूट वाजवीत गायली आणि तिला दोन कितारोनेंची साथ होती. एक तिचे पती आन्तोनिओ आर्किलेई यांच्या हाती, तर दुसरे आन्तोनिओ नाल्दी यांच्या हाती होते. समकालीन उल्लेखांत या वाद्याच्या शोधाचे श्रेय याच नाल्दींना दिलेले आढळते. दुसरे एक दावेदारही होते. बोलोन्याचे वादक आलेस्सान्द्रो पिच्चिनीनी यांनी १६२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लांब मानेची कल्पना आपली असल्याचे ठासून सांगितले आहे. एकाच काळात अनेक जण एकाच अडचणीवर तोडगा शोधत असताना असे वाद होणारच.

१६०० मध्ये फ्लॉरेन्समध्येच याकोपो पेरी यांचा ‘एउरिदिचे’ हा ऑपेरा सादर झाला. संपूर्ण संगीत उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना ऑपेरा होय. छापील प्रतीच्या प्रस्तावनेत पेरी यांनी साथीदारांची नावे दिली असून त्यांत कितारोनेवादकाचाही समावेश आहे. दोन वर्षांनी जुलिओ काच्चीनी यांनी आपल्या एकलगीतांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत, गायकाच्या, विशेषतः पुरुष गायकाच्या, साथीला याहून योग्य वाद्य नाही, असा निर्वाळा दिला. काच्चीनी स्वतः गायक होते. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते.

१६०७ मध्ये मांतुआच्या दरबारात क्लाउदिओ मोंतेव्हेर्दी यांचा ‘ऑर्फेओ’ रंगभूमीवर आला. त्याच्या छापील प्रतीत वाद्यांची यादी असून तीत दोन कितारोने नोंदलेले आहेत. कोणत्या प्रसंगी कोणते वाद्य वाजावे याच्या सूचनाही मोंतेव्हेर्दी यांनी जागोजागी दिल्या आहेत. पत्नीच्या मृत्यूची वार्ता घेऊन दूती येते तेव्हा आणि पाताळाच्या वेशीवर ऑर्फेओ नावाड्याची आळवणी करतो तेव्हा, लाकडी नळ्यांचा लहान ऑर्गन आणि एक कितारोने एवढीच मूळ साथ असावी, असे तेथे म्हटले आहे. ऑपेरातील सर्वांत उत्कट प्रसंगांसाठी संगीतकाराने हे वाद्य राखून ठेवले होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

हार्प्सिकॉर्ड हाताशी असताना थिऑर्बोच का, असा प्रश्न कोणालाही पडेल. हार्प्सिकॉर्डची पट्टी हलक्या हाताने दाबली काय किंवा जोराने दाबली काय, आवाज सारखाच येतो. थिऑर्बोची तार मात्र बोटाच्या जोराप्रमाणे कुजबुजते किंवा गरजते. गायकाने आवाज दबका केला, की साथीदारही तेथल्या तेथे दबू शकतो. शब्दांच्या अर्थाबरोबर हलणारी साथ हवी असणाऱ्या संगीतकारांना हेच हवे होते.

लिहिलेले थोडे, वाजवायचे बरेच

बरोक संगीताचा पाया ‘बासो कंटिन्युओ’ या पद्धतीवर उभा आहे. संगीतकार गायकाची चाल लिहितो आणि तिच्या खाली खर्जाची एक ओळ लिहितो. त्या ओळीवर अधूनमधून काही आकडे असतात. खर्जाच्या स्वरापासून किती अंतरावरचे स्वर सोबत वाजवायचे, हे त्या आकड्यांवरून कळते. पुष्कळदा आकडेही नसतात. कॉर्ड एकदम वाजवायची की एकेक स्वर उलगडत न्यायची, कोठे दाटी करायची आणि कोठे गप्प राहायचे, हे सारे वादकावर सोपवलेले असते.

आपल्याकडील साथीशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण दोहोंत एक मोठा फरक आहे. हार्मोनियमचा साथीदार गायकाच्या स्वरावलीमागून जातो आणि तिचा पडसाद उमटवतो. थिऑर्बोवादक गायकाची चाल वाजवीत नाही. तो तिच्याखाली जमीन तयार करतो आणि त्या जमिनीचा रंग बदलला, की तीच चाल निराळी भासू लागते. हजरजबाबीपणा मात्र दोघांनाही सारखाच लागतो. आगोस्तीनो आगाद्झारी यांनी १६०७ मध्ये साथीदारांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत, गायकाच्या पट्टीत घुसून त्याचा स्वर झाकू नका, अशी समज दिली आहे. असे बजावावे लागले, त्या अर्थी तसे करणारे वादक तेव्हाही असणार!

साथीदार प्रत्यक्षात काय वाजवीत असत, याचा सर्वांत मोलाचा पुरावा जोव्हान्नी जिरोलामो कापस्बेर्गर यांच्या पुस्तकांत मिळतो. ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याचा हा पुत्र इटलीत वाढला. १६०४ मध्ये व्हेनिसला त्यांचे कितारोनेच्या एकलवादनाचे पहिले पुस्तक छापले गेले. पुढे रोममध्ये ते कार्डिनल फ्रान्चेस्को बार्बेरीनी यांच्या आश्रयाला होते. १६१० आणि १६१२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या गीतसंग्रहांत गायकाच्या चालीखाली कितारोनेची साथ अक्षरशः तार-पडद्यांच्या आकड्यांनिशी लिहून दिली आहे. ही साथ बरीचशी साधी आहे. काही ठिकाणी तर पाठ्यपुस्तकातील नियमही तीत मोडलेले दिसतात. त्या काळच्या उत्तम वादकाची साथ अशीच असे, की हे नवशिक्यांसाठी सोपे करून दिलेले रूप आहे, यावर अभ्यासकांचा वाद आहे.

याच कापस्बेर्गर यांचा गोव्याशी एक धागा जुळतो. १६२२ मध्ये इग्नेशियस लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर यांना संतपद देण्यात आले. त्यानिमित्त रोममधील जेझुइटांच्या महाविद्यालयात एक लॅटिन संगीत-नाट्य सादर झाले. त्याचे संगीत कापस्बेर्गर यांचे होते आणि त्यात निरनिराळ्या देशांच्या व्यक्तिरेखा रंगमंचावर येऊन दोन्ही संतांना मानवंदना देतात. झेवियर यांचे पार्थिव जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेत आहे.

आल्प्सपलीकडे

इंग्लंडमध्ये हे वाद्य प्रथम कसे आले, याची एक कथा सांगितली जाते. वास्तुरचनाकार इनिगो जोन्स यांनी १६०५ च्या सुमारास थिऑर्बो आणला. डोव्हर बंदरावर तो पाहून, राजाचा घात करण्यासाठी कॅथलिक देशातून आलेले हे काही यंत्र असावे, असा संशय अधिकाऱ्यांना आला आणि वाद्याची रवानगी थेट राजमंडळाकडे झाली. संसद उडवून देण्याचा प्रसिद्ध कट त्याच वर्षी उघडकीस आला होता. त्यामुळे कथा अगदीच अशक्य वाटत नाही.

पुढे मात्र इंग्रजांनी थिऑर्बोला घरात घेतले. कवयित्री लेडी मेरी रोथ यांचे वाद्यासह उभे असलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात वाद्याची उंची जवळजवळ त्यांच्याएवढीच दिसते. दैनंदिनीकार सॅम्युअल पेप्स यांनी आपल्या ल्यूटला मान जोडून त्याचा थिऑर्बो करवून घेतला आणि त्यासाठी २६ शिलिंग मोजल्याची नोंद १६६१ च्या ऑक्टोबरमध्ये केली. जुन्या ल्यूटचे असे रूपांतर त्या काळी सर्रास होत असे. आज संग्रहालयातील एखाद्या वाद्याचे मूळ रूप ठरवणे अवघड जाते, त्यामागे हेही एक कारण आहे.

फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारात रोबेअर द व्हिझे हे गिटार आणि थिऑर्बो या दोन्हींचे वादक होते. रात्री राजाच्या शय्येपाशी बसून ते गिटार वाजवीत, असे दरबारी नोंदींत आढळते. त्यांच्या थिऑर्बोसाठीच्या रचना आजही एकलवादकांच्या कार्यक्रमांत हमखास असतात. पॅरिसमध्ये साथ शिकवणारी पुस्तकेही निघाली. फ्लरी यांचे १६६० मध्ये, बार्तोलोत्ती यांचे १६६९ मध्ये आणि देलेर यांचे १६९० मध्ये. तीनशे वर्षांनंतर याच पुस्तकांनी नव्या वादकांना हात दिला.

अठराव्या शतकात थिऑर्बोचा वापर मोजक्या ठिकाणी, पण ठसठशीत झालेला दिसतो. व्हेनिसमधील पिएता या अनाथ मुलींच्या संस्थेसाठी विवाल्डी यांनी १७१६ मध्ये रचलेल्या ‘युदिता’ या ओरॅटोरिओतील एका गीताला चार थिऑर्बोंची साथ आहे. १७२४ मध्ये लंडनला झालेल्या हँडल यांच्या ‘ज्युलिओ चेझारे’त क्लिओपात्रा सीझरला भुलवते, त्या प्रसंगी रंगमंचावरील वाद्यमेळात हार्पबरोबर थिऑर्बो आहे. विवाल्डी यांनी १७४० मध्ये सॅक्सनीच्या राजपुत्रासमोर सादर केलेल्या एका कंचेर्तोतही दोन थिऑर्बो आहेत. ड्रेस्डेनचे विख्यात वादक सिल्व्हिउस लेओपोल्ड वाइस यांचे मत असे होते, की जवळून ऐकल्यास हे वाद्य काहीसे खरखरीत वाटते, म्हणून त्याची जागा वाद्यवृंदात. नाजूक एकलवादनासाठी ते ल्यूटच पसंत करीत.

अस्त

थिऑर्बोच्या अस्ताला एकच एक कारण देता येत नाही. १७५० नंतर संगीतकार मधले स्वरही स्वतःच लिहू लागले. त्यामुळे तत्काळ स्वर भरणाऱ्या साथीदाराची गरज उरली नाही. खर्जाचे काम चेलोकडे गेले, घरगुती साथीचे पियानोकडे. सभागृहे मोठी झाली. वाइस १७५० मध्ये वारले. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या पदरी थिऑर्बोवादक असलेले एर्न्स्ट गोटलीब बारोन १७६० मध्ये गेले. त्यांच्यानंतर त्या तोलाचे नाव घेता येत नाही.

वाद्यांचे हाल तर आधीच सुरू झाले होते. खेडवळ मानली जाणारी हर्डी-गर्डी ही चाकाने वाजणारी सारंगी अठराव्या शतकाच्या प्रारंभी फ्रेंच उमरावांत एकाएकी लोकप्रिय झाली. तेव्हा व्हर्साय येथील बातों नावाच्या कारागिराने अडगळीतील गिटार, ल्यूट आणि थिऑर्बो यांच्या पोटांना चाके बसवून त्यांच्या हर्डी-गर्ड्या केल्या, असे १७४१ च्या एका फ्रेंच पुस्तकात म्हटले आहे.

पुनरागमन आणि त्याचे प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये आर्नल्ड डोल्मेच यांनी जुन्या वाद्यांची पुनर्निर्मिती सुरू केली. १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथे जुन्या संगीताच्या अध्ययनासाठी स्वतंत्र विद्यालय स्थापन झाले. निकोलाउस हार्नोनकोर्ट यांनी १९६८ मध्ये ‘ऑर्फेओ’चे ध्वनिमुद्रण जुन्या वाद्यांवर केले, तेव्हा सर्वसामान्य रसिकांच्या कानी हा नाद पडू लागला. १९७६ मध्ये इंग्रज ल्यूटवादक रॉबर्ट स्पेन्सर यांनी कितारोने, थिऑर्बो आणि आर्चल्यूट यांच्यातील साम्य-भेद उलगडणारा लेख लिहिला. १९८७ मध्ये नायजेल नॉर्थ यांचे साथवादनावरील पाठ्यपुस्तक आले. आज हेग, बासेल, न्यूयॉर्क अशा अनेक ठिकाणी थिऑर्बोचे रीतसर शिक्षण मिळते. बॉस्टनच्या संगीतमहोत्सवाची धुरा पॉल ओडेट आणि स्टीफन स्टब्स या दोन थिऑर्बोवादकांनी सांभाळली आणि त्यांच्या एका ऑपेराच्या ध्वनिमुद्रणाला २०१५ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मिरजेत तंबोरा घडवणारा कारागीर वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकतो. लाकूड कोठे किती तासायचे, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. थिऑर्बो घडवणाऱ्या आजच्या कारागिराला मात्र संग्रहालयात जाऊन मापे घ्यावी लागतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये व्हेनिस येथे १६०८ मध्ये घडवलेला एक कितारोने आहे. अशी जी थोडी वाद्ये उरली, त्यांतील पुष्कळ दुरुस्त्यांनी बदललेली आहेत आणि वाजवण्याजोगी तर फारच थोडी.

येथेच आजच्या सर्वांत मोठ्या वादाला तोंड फुटते. जुन्या इटालियन वाद्यांत पडद्यांवरील तारांची लांबी पुष्कळदा ८५ ते ९५ सेंटिमीटर भरते. आज वादक वापरतात ती अनेक वाद्ये ७६ ते ८२ सेंटिमीटरची आहेत. डाव्या हाताची बोटे त्यावर सहज फिरतात, वाद्य गाडीत मावते आणि विमानात नेताना थोडी कमी कटकट होते. टीकाकारांचे म्हणणे असे, की एवढ्या आखूड लांबीवर पहिली तार तुटण्याची भीतीच नसते. मग दोन्ही तारा सप्तकभर खाली उतरवण्याचे प्रयोजन काय? मूळ अडचण नाहीशी करून तिचा तोडगा तेवढा शिल्लक ठेवला, असा हा आक्षेप आहे. फ्रान्समध्ये लहान थिऑर्बो होते, हे खरे, पण ते मुख्यतः एकलवादनासाठी आणि बऱ्याच वरच्या पट्टीत जुळवलेले असत.

प्रस्तुत लेखकाला या आक्षेपात तथ्य वाटते. मोठ्या वाद्याचा खर्ज आणि लहान वाद्याचा खर्ज यांतील फरक ध्वनिमुद्रणातही कळतो. पण दोन मीटरचे वाद्य खांद्यावर घेऊन आठवड्याला तीन शहरांत कार्यक्रम करणाऱ्या वादकालाच दोष देणेही योग्य होणार नाही. वादकाच्या तिकिटाबरोबर वाद्यासाठी वेगळी आसनव्यवस्था करावी लागते आणि ती नेहमीच मिळते असे नाही. म्हणून मान दुमडता येईल किंवा काढून ठेवता येईल अशी वाद्येही आता घडवली जातात. तातीऐवजी नायलॉन आणि इतर कृत्रिम तारा बहुतेकांनी स्वीकारल्या आहेत, कारण हवेतील दमटपणाने तात तासाभरात उतरते.

दुसरा वाद वादनशैलीचा आहे. ऑस्ट्रियन वादक क्रिस्तीना प्लुहार यांनी २००० मध्ये स्थापन केलेल्या ‘लार्पेजाता’ या वृंदाने बरोक गीतांना जाझ आणि लोकसंगीताच्या अंगाने जाणारी साथ देऊन मोठा श्रोतृवर्ग मिळवला. कर्मठ समीक्षकांना ही साथ फार सजवलेली वाटते आणि ते कापस्बेर्गर यांच्या साध्या लिखित साथीकडे बोट दाखवतात. ज्या कलेचा आत्माच तत्काळ निर्मिती हा होता, तिच्यात नवे काही करूच नये असे कसे म्हणता येईल, असा प्रश्न दुसरी बाजू विचारते. नवे संगीतकारही या वाद्याकडे वळू लागले आहेत. अंध थिऑर्बोवादक मॅथ्यू वॉड्सवर्थ यांच्यासाठी ब्रिटिश संगीतकार स्टीफन गॉस यांनी स्वतंत्र एकलरचना लिहिली.

प्लुहार यांच्या वृंदाचे नाव कापस्बेर्गर यांच्या १६०४ च्या पुस्तकातील ‘तोक्काता आर्पेजाता’ या रचनेवरून घेतलेले आहे. थिऑर्बोची ओळख करून घेऊ पाहणाऱ्या रसिकाने तिच्यापासून आरंभ करावा. ती चार-पाच मिनिटांची आहे आणि तिची अनेक ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. छापील पानावर एकापुढे एक कॉर्ड मांडलेल्या दिसतात आणि त्या उलगडून वाजवाव्यात असा संकेत दिलेला आहे. कोणत्या क्रमाने, किती वेगाने आणि कोठे श्वास घेऊन, हे कापस्बेर्गर यांनी लिहिलेले नाही. त्यामुळे रॉल्फ लिस्लेव्हांड यांचे वादन ऐकून प्लुहार यांचे लावले, तर काही क्षण रचनाच निराळी आहे की काय, असे वाटून जाते.